माळवद : एका गृहरचनेचे परीक्षण

परिस्थिती मानवास घडविते व मानव परिस्थितीस, हे सर्वमान्य आहे. परंतु परिस्थितीच्या कोणत्या अंशाची मानव दखल घेतो, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. या दृष्टीने नांदेड-लातूर भागातील माळवदाचे घर अभ्यसनीय ठरते.

उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जाणाऱ्या या प्रदेशात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि लाकडी तुळयांवर पसरलेला मातीचा थर ही उष्म्यावरील समर्पक योजना होय. मात्र पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी वर नवी माती पडे व छताचा भार वाढत जाई. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात याच भाराखाली हजारो माणसे गाडली गेली.

तेव्हापासून दगड-मातीलाच दोष दिला जातो. हे मत सर्वस्वी ग्राह्य नाही. अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या, तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. खरी उणीव भिंतीची दोन्ही अंगे सांधणाऱ्या आरपार दगडांच्या अभावात व छताच्या वजनात होती.

पुढे 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. सरळ रस्ते व सुटी घरे यांमुळे सुरक्षितता लाभली. परंतु अंगण, ओसरी व शेजार यांची जुनी सांगड तुटली, आणि रहिवाशांनी पुढे स्वतःच पडव्या-छपरे जोडून घेतली. माळवदाने रोजचे ऊन ओळखले, क्वचित येणारा भूकंप नव्हे. नव्या वसाहतीने भूकंप ओळखला, पण रोजचे जगणे दुर्लक्षिले. दोहोंची दखल घेणारी गृहरचनाच या भूमीस अनुरूप म्हणता येईल.