थंडी, उष्मा आणि हृद्रोग : एका निष्कर्षाच्या मर्यादा

हवामानाचा हृदयावर परिणाम होतो, याविषयी वैद्यकात वाद नाही. थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाची प्राणवायूची गरज वाढते. उष्म्यात त्या विस्फारतात, घामावाटे पाणी व क्षार जातात आणि हृदयाची गती वाढते. आधीच दुर्बळ झालेल्या हृदयाला दोन्ही अवस्था घातक ठरू शकतात. वाद आहे तो मोजमापाचा.

या संदर्भात २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला गॅस्पारिनी व त्यांचे सहकारी यांचा प्रबंध विशेष गाजला. १३ देशांतील ३८४ ठिकाणच्या सुमारे ७ कोटी ४२ लक्ष मृत्यूंचा त्यात विचार आहे. एकूण मृत्यूंपैकी ७.७१ टक्के प्रतिकूल तापमानाशी निगडित असून त्यांत थंडीचा वाटा ७.२९ व उष्म्याचा अवघा ०.४२ टक्के आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. तापमानाचा परिणाम २१ दिवसांपर्यंत तपासल्यामुळे थंडीचे सावकाश उमटणारे परिणामही त्यात हिशेबात आले, हा या प्रबंधाचा मोठा गुण होय.

तथापि, ‘थंडी अधिक मारक, उष्मा गौण’ असा जो अर्थ त्यातून काढला जातो, तो टिकणारा नाही. ज्या तापमानाला मृत्युप्रमाण न्यूनतम असते, ते समशीतोष्ण प्रदेशांत वर्षातील तापमानश्रेणीच्या बरेच वरच्या टोकाला येते. साहजिकच वर्षातील बहुसंख्य दिवस ‘थंड’ या सदरात पडतात. एकेका दिवसाचा धोका अल्प असला, तरी अशा असंख्य दिवसांची बेरीज मोठी होते. बेरजेचा आकडा आणि एका दिवसाची तीव्रता या भिन्न गोष्टी आहेत. २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबादेत १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज नंतर मांडला गेला. २०१३ साली त्या शहराने उष्णताविषयक कृतियोजना आखली. वार्षिक टक्केवारीवर विसंबून राहिल्यास अशा योजनेची निकड दिसणारच नाही.

दुसरे असे की, त्या १३ देशांत भारत नाही; शिवाय त्यातील गणना सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंची आहे, केवळ हृद्रोगाची नव्हे. या दृष्टीने २०१८ साली प्रसिद्ध झालेले स्वीडनमधील संशोधन अधिक नेमके ठरते. १९९८ ते २०१३ या काळातील २,७४,०२९ हृदयाघातांच्या नोंदी दैनंदिन हवामानाशी जुळवून पाहिल्या असता, तापमान व वायुभार कमी, वारा जोराचा आणि सूर्यप्रकाश अल्प अशा दिवसांत हृदयाघातांचे प्रमाण अधिक आढळले. परंतु स्वीडनची थंडी विदर्भाच्या वैशाखाविषयी काही सांगू शकत नाही.

सारांश, उसन्या सरासरीपेक्षा रुग्णालयांतील दिनांकवार नोंदी आणि स्थानिक वेधशाळांची मापने यांची सांगड घालणे हाच या प्रश्नाच्या अभ्यासाचा खरा मार्ग होय. कोणत्या महिन्यात कोणाला सावध करावयाचे, याचा निर्णय त्यावर अवलंबून आहे.