शिदोरीचा प्रश्न

शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत नोकरी करणारा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे पत्र मागावयास आला. स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथे, संत याकोबाच्या समाधिस्थानी, तो पायी जाणार आहे. फ्रान्सच्या बाजूने पिरेनीज पर्वत ओलांडून सुमारे ७८० किलोमीटरांची ही वाट. यात्रेकरूने आपल्या धर्मगुरूचे पत्र जवळ बाळगावे, ही जुनी रीत त्याच्या वाचनात आली होती. "कशासाठी जातोस?" असे आम्ही विचारले. "फादर, स्वतःला आव्हान म्हणून," तो म्हणाला आणि तयारीची वही त्याने पुढे केली.

वही नेटकी होती. पाठीवरील पिशवी शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नसावी. बूट नवे कोरे नेऊ नयेत, येथेच वापरून मऊ करावेत. शेंगेन व्हिसासाठी बँकेचे उतारे. रविवारी मिस्सेनंतर जोतिबाचा डोंगर. एकदा पन्हाळ्याहून पावनखिंड. भट्टीसमोर आठ तास उभे राहणाऱ्या या पोराचे पाय घट्ट आहेत, यात शंका नाही. परंतु पानेच्या पाने चाळूनही त्या वहीत आम्हांस दुसरे माणूस सापडेना. पत्राऐवजी आम्ही त्याच्या हाती काही पुस्तके ठेवली. त्यांच्याविषयी येथे लिहावयाचे आहे.

या वाटेवरील सर्वांत खपाचे पुस्तक पाउलो कोएलो यांचे. १९८६ साली ते ही वाट चालले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पुस्तक आले. आमच्या तरुणाने ते आधीच वाचले होते. आव्हान हा शब्द बहुधा तेथूनच आला असावा. कथानायक आपली तलवार शोधीत निघतो. वाटाड्या त्यास मनोबलाचे प्रयोग शिकवितो. पुस्तक वाचनीय आहे हे मान्य करूनही आमची तक्रार अशी, की वाट येथे परीक्षेचा कागद होऊन बसते. भेटणारी माणसे, कुत्री, डोंगर सारे नायकास काही तरी शिकविण्याकरिताच उभे केलेले. ज्या वाटेवर आजही कित्येक धर्मशाळा केवळ यथाशक्ती दानावर चालतात आणि स्वयंसेवक परक्या माणसासाठी रांधतात, त्या वाटेवरचे यजमान या पुस्तकात पुसट राहतात, हा साहित्यिक दोषही आम्ही मोठा मानतो.

आपल्या मराठीत विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' आहे. कर्जाने गांजलेल्या घरासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून हा भिक्षुक आपल्या काकांसह वरसईहून उत्तरेस निघाला आणि १८५७च्या धामधुमीत सापडला. झाशीत लूट पाहिली, मिळविलेले गमावले, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र घेऊन आला. त्याने आपल्या धैर्याची कोठे जाहिरात केलेली नाही. उलट भीती वाटली तेथे वाटली असेच लिहिले. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा वारीवरील लेख आकाराने लहान, पण आमच्या मते या प्रकारातील अव्वल. त्या विदुषी, समाजशास्त्राच्या पंडिता. तरी दिंडीत चालताना त्यांचे लक्ष शेजारणीच्या बोलण्याकडे आहे. एकाच दिंडीतील माणसे जातीप्रमाणे वेगळ्या पंगतींना बसतात, याचे शल्य त्या लपवीत नाहीत. भक्तीने भारावलेल्या लेखकाने ते सहज गाळले असते.

तरुणास खरे वाचावयास दिले ते संत इग्नेशियस यांचे आत्मचरित्र. ते त्यांनी उतारवयात एका सहकाऱ्यास तोंडी सांगितले, आणि त्यात ते स्वतःस 'मी' म्हणत नाहीत, 'यात्रेकरू' म्हणतात. १५२३ साली हा यात्रेकरू जेरुसलेमला जाण्यासाठी बार्सेलोनाच्या बंदरात थांबला आहे. सोबती नको म्हणतो. कारण भूक लागली तर आपण सोबत्याच्या तोंडाकडे पाहू, आणि त्याला विसंबावयाचे आहे केवळ देवावर. जहाजाचा मालक फुकट नेण्यास राजी होतो, पण प्रत्येकाने आपली बिस्किटे आणावीत ही त्याची अट. येथे यात्रेकरू अडतो. शिदोरी घेतली तर श्रद्धा कोठे राहिली? आपल्या शुभवर्तमानांतही या प्रश्नाची उत्तरे एकसारखी नाहीत: संत मार्क प्रेषितांस काठी नेऊ देतात, संत मत्तय आणि संत लूक तीही नाकारतात. यात्रेकरूस दोन्ही बाजूंची कारणे पटतात, निर्णय होत नाही. शेवटी तो पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंवर सोपवितो, आणि ते सांगतात, भीक मागून शिधा घे व जा. भीक मागताना एक बाई विचारते, कोठे निघालास? तो जेरुसलेमचे नाव घेत नाही, रोमपर्यंतचेच सांगतो. मोठ्या यात्रेची फुशारकी वाटेल याची त्याला भीती. उरलेली पाच-सहा नाणी किनाऱ्यावरील एका बाकावर ठेवून तो जहाजावर चढतो.

आम्ही हा उतारा त्या नाण्यांसाठी दिला होता. सॅकमधील सामानाची यादी त्याने पुन्हा पाहावी असा आमचा हेतू. तरुण आठवड्याने परत आला तो हसतच. म्हणाला, "फादर, संतांनी बिस्किटे नेलीच की. तो जहाजवाला म्हणजे आमचा व्हिसावाला. खात्यात पैसे दाखवल्याशिवाय सोडत नाही." आम्हांस उत्तर सुचले नाही. गेली तीस वर्षे आम्ही हे प्रकरण वैराग्याचा पाठ म्हणून सांगत आलो. त्यातील यात्रेकरू आपल्या मनातील कठोर नेम मोडून दुसऱ्याचे ऐकतो, त्यासाठी परक्या दारात हात पसरतो, हे त्या पोराने दाखवून दिले. बाकावर नाणी ठेवणे त्यामानाने सोपे असावे.

एक पुस्तक मात्र आम्ही त्याच्या आईसाठी दिले: लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. रेव्हरंड टिळकांची भ्रमंती त्यांच्या चरित्रात उदात्त वाटते. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तीच भ्रमंती घरातून दिसते. न सांगता गेलेला नवरा, त्याची वाट पाहणे आणि त्यातूनही सुटणारे हसू. पायी प्रवासाच्या साहित्यातील ही दुसरी बाजू मराठीत एवढ्या ताकदीने अन्यत्र आलेली आम्हांस ठाऊक नाही.

आणि काही चालणे तर लिहिलेच गेले नाही. २०२०च्या टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मजूर गावाकडे जाण्यासाठी भुसावळच्या दिशेने निघाले. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा जण मालगाडीखाली गेले. त्यांनी आव्हान स्वीकारले नव्हते. त्यांची शिदोरी काय होती, ती रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांच्या छायाचित्रांत सर्वांनी पाहिली आहे. परराज्यांतील पोरे आमच्या तरुणाच्या शेजारी त्याच भट्टीवर राबतात. ती वही कोणी तरी लिहावयास हवी. ते काम आमच्यासारख्याचे नव्हे.

सांतियागोला पोचल्यावर यात्रेकरूंच्या कचेरीत हेतू विचारतात. किमान शेवटचे १०० किलोमीटर पायी चालल्याचे शिक्के दाखवावे लागतात. धार्मिक वा आध्यात्मिक हेतू सांगणाऱ्यास 'कोंपोस्तेला' हे लॅटिन प्रमाणपत्र मिळते, इतरांस निराळे. आमच्या तरुणास ही गोष्ट माहीत होती आणि ती त्यास सतावीत होती. खोटे लिहावयाचे नाही, असे तो म्हणाला. त्याच्या आईला या लॅटिन कागदाचे काही नव्हते. "किती चालला ते मला नको, फादर," त्या म्हणाल्या, "कुणाच्या दारात जेवला तेवढं रोज कळवू दे."

पत्र आम्ही लिहून दिले. त्यात त्याचे नाव, आईवडिलांची नावे, धर्मग्राम आणि बाप्तिस्म्याचे वर्ष एवढेच आहे. हेतूविषयी आम्ही काही लिहिलेले नाही; तो त्याने तेथील खिडकीपाशी स्वतः सांगावयाचा आहे.