बाग आणि बाक

पुस्तकांची परीक्षणे होतात, नाटकांची होतात, चित्रपटांची तर ते पडद्यावर येण्यापूर्वीच होऊन जातात. पण नगरपालिकेने एवढा पैसा ओतून उभारलेल्या बागेचे परीक्षण कोणी लिहीत नाही. खरे म्हणजे बाग हीसुद्धा एक कृतीच. तिला कर्ता असतो, रचना असते आणि रसिकवर्गही असतो. फरक एवढाच, की हा रसिक आपला अभिप्राय लिहून कळवीत नाही, पायांनी कळवतो.

तोंडी अभिप्राय मागाल तर फसाल. मी शाळामास्तर आहे. ‘माझी आवडती बाग’ हा निबंध घातला, की वर्गातल्या झाडून साऱ्या वह्यांतून रंगीबेरंगी फुले डोलू लागतात, फुलपाखरे बागडतात आणि माळीकाका झारीने पाणी घालतात. वह्या मिटायला लावून त्याच मुलांना विचारावे, की काल बागेत काय केलेत? मग घसरगुंडी निघते, भेळ निघते, शेजारच्या वर्गातला दोस्त निघतो; फुलाचे नाव निघत नाही. मोठी माणसे तरी निराळी कुठे असतात? आपल्याला शांतता आवडते म्हणून सांगतात आणि जाऊन बसतात ती रहदारीकडे तोंड केलेल्या बाकावर.

म्हणून विल्यम व्हाइट या अमेरिकन गृहस्थाने विचारण्यापेक्षा पाहण्यावर भर दिला. १९७०च्या दशकात न्यू यॉर्कमधल्या लहानसहान चौकांवर आणि उद्यानांवर त्याने कॅमेरे रोखले आणि कोण कुठे, किती वेळ बसतो याची टिपणे ठेवली. १९८० साली त्याचे पुस्तक निघाले. त्यातला मुख्य निष्कर्ष वाचून हसू येते. जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात! हा काही मोठा शोध नव्हे, हे त्यालाही ठाऊक होते. पण शहाणे शिल्पकार नेमके एवढेच विसरतात, हे त्याने दाखवून दिले. दुसरी गोष्ट त्याने टिपली ती अशी, की माणसांना माणसे हवी असतात. एकांत शोधायला आलेला माणूससुद्धा चार जणांच्या नजरेच्या टप्प्यात आपला एकांत मांडतो.

याचा पडताळा दादरला घ्यावा. १९२५ साली खुले झालेले आणि १९२७ साली शिवरायांचे नाव मिळालेले शिवाजी पार्क हे बाग म्हणून जोखले, तर काठावर नापास होईल. फुलांचे ताटवे जवळजवळ नाहीत. मधला भाग म्हणजे क्रिकेटचे मैदान आणि त्याची लाल धूळ. तरी त्याच्यावर जीव टाकणारी माणसे पिढ्यानुपिढ्या निपजली, याचे श्रेय मी भोवतीच्या कट्ट्याला देतो. बुटका, साधा, सलग कट्टा. त्याच्यावर आत पाय सोडून बसलात तर सामना दिसतो, बाहेर सोडलेत तर रस्ता. एकटा बसू शकतो, दहा जणही बसू शकतात. अमुक इतक्यांनी अमुक दिशेला बसावे असे तो सुचवीत नाही. चांगल्या कादंबरीने वाचकाला जी मोकळीक द्यावी, तीच ही. (हे मी स्वतः कादंबऱ्या लिहीत असताना म्हणतो आहे, याची मला जाणीव आहे.)

कट्ट्याचे कौतुक करताना भोवतालच्या वस्तीला विसरून मात्र चालायचे नाही. जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ साली फिलाडेल्फियाचे उदाहरण दिले आहे. त्या शहराच्या मूळ आराखड्यातच चौक आखलेले होते. त्यांतला एक, रिटनहाउस, दिवसभर नांदता. दुसऱ्याला, वॉशिंग्टन चौकाला, अवकळा आलेली. तिच्या मते हा हिरवळीचा गुणदोष नव्हता. एकाच्या भोवती घरे, दुकाने, कचेऱ्या सरमिसळ होत्या, म्हणून निरनिराळ्या वेळी निरनिराळी माणसे येत. दुसऱ्याच्या भोवती कचेऱ्यांचाच वेढा; जेवणाची सुटी सरली की सारे सामसूम. बागेची आवड अशी पुष्कळदा बागेबाहेरच ठरून जाते.

आपल्याकडे बागांच्या दोन जाती मला दिसतात. एक पाहुण्यांना दाखवायची आणि दुसरी आपण जायची. मलबार टेकडीवर पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर १८८१ साली केलेले हँगिंग गार्डन आणि समोरचा म्हातारीचा बूट ही पहिल्या जातीची. कातरून जनावरांचे आकार दिलेली झुडपे पाहावीत, बुटात पोरांना चढवावे, फोटो काढावा आणि खाली उतरावे. पुण्याची सारसबाग दुसऱ्या जातीची. तिथे तळ्यातला गणपती आहे, म्हणजे घरून निघायला कारण आहे. हिरवळ आहे, बाहेर भेळ आहे. शेजारी पेशवे पार्कात १९५६ साली फुलराणी धावू लागली. लहानपणी तीत बसलेले आजोबा नातवंडांना घेऊन त्याच बागेकडे वळतात. या आवडीपुढे वास्तुशास्त्र काय करणार? दिवाळीच्या पहाटे तिथे होणारी गर्दी काही गुलाब बघायला येत नाही; नव्या कपड्यांतली माणसे बघायला आणि स्वतः दिसायला येते.

पण आवड म्हणजे केवळ खुशीची निवड, असे मानायला मी तयार नाही. व्हाइटने आणखी एक गोष्ट नोंदवली होती: जी जागा चांगली, तिथे बायकांचे प्रमाण अधिक. आपल्या बागेत संध्याकाळी ही मोजणी करून पाहावी. बायका येतात, पण मुलाला घेऊन, नवऱ्याबरोबर किंवा मैत्रिणींच्या घोळक्यात. एकटी बाई बाकावर पुस्तक उघडून तासभर बसली आहे, हे दृश्य किती वेळा दिसते? तिला बाग आवडत नाही असे कोणी म्हणेल काय? दिवा बंद, झाडी दाट, आणि समोर टक लावून बसलेला कोणी. एवढ्यावर तिची ‘आवड’ ठरते. दोन खोल्यांच्या घरात सासूसासऱ्यांसह राहणाऱ्या नवविवाहितांना दोन शब्द बोलायला बागच हवी. तिथे सूचनांचे फलक त्यांच्यावर डोळे वटारून उभे. बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा, कोणी आडवे होऊ नये म्हणून. पाठीवर मात्र देणगीदाराचे किंवा नगरसेवकाचे नाव ठळक अक्षरांत.

आणि कितीतरी बागांना भर दुपारी कुलूप! ज्याला घरी पंखा आहे त्याला सकाळ-संध्याकाळ पुरते. ज्याला सावलीची खरी गरज, तो फिरता विक्रेता, दोन घरच्या कामांमध्ये तासभर मोकळी असलेली मोलकरीण, कामाच्या शोधात आलेला पोरगा, हे सारे नेमके दुपारी येतात. बागेच्या आवडीचा हिशेब मांडणारा यांना कोणत्या रकान्यात घालणार? एखाद्या रखरखीत दुपारी बंद फाटकापाशी जाऊन पाहावे. कुंपणालगत रिक्षा लावून चालक मागच्या सीटवर झोपलेला असतो, पाय बाहेर. त्याच्या अंगावरची सावली आतल्या झाडाची. फांदी तेवढी कुंपण ओलांडून आलेली.