चाकावरचे गद्य

प्रवासवर्णनाचे परीक्षण करताना प्रवासी कोठे गेला हे आपण आवर्जून विचारतो. तो कशाने गेला हे सहसा विचारीत नाही. वास्तविक पाहता हा दुसरा प्रश्न वाङ्मयदृष्ट्या पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. वाहन प्रवाशाच्या दृष्टीची उंची आणि गती ठरविते. जगाशी त्याची गाठ किती अंतरावरून पडणार हेही तेच ठरविते. आगगाडीतल्या प्रवाशाला प्रदेश दिसतो तो खिडकीच्या चौकटीत बसविलेला. बोटीवरच्या प्रवाशाला समुद्र दिसतो, पण त्याच्या पायांना समुद्राचे ओझे होत नाही. पायी जाणाऱ्याची गोष्ट निराळी. विष्णुभट गोडसे 1857 साली दक्षिणेच्या आशेने वरसईहून उत्तरेकडे चालत निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. 1907 साली छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ची गोडी त्यातील ऐतिहासिक प्रसंगांत आहे हे खरेच; परंतु ते प्रसंग पायी चालणाऱ्या, वारंवार लुबाडल्या जाणाऱ्या एका सामान्य माणसाच्या अंगावर येतात, हे त्या गोडीचे मर्म आहे.

सायकल ही या दोहोंच्या मधली. ती माणसाला चालण्यापेक्षा तिप्पट-चौपट वेग देते, पण त्या वेगाची किंमत त्याच्याच मांड्यांकडून वसूल करते. सायकलस्वाराला चढ डोळ्यांच्या आधी पोटऱ्यांना कळतो. समोरचा वारा त्याचा शत्रू होतो आणि पाठीमागचा मित्र. गावाचा वास गाव दिसण्यापूर्वी येतो. शंभर मैलांनंतर मिळालेल्या भाकरीला जी चव असते ती कोणत्याही मेजवानीला नसते. हा सारा आनंद एकाच गोष्टीतून निपजतो: स्वार आणि रस्ता यांच्यामध्ये भिंत नाही. आणि नेमक्या त्याच गोष्टीतून सारे धोके निपजतात. ऊन, थंडी, कुत्री, मालमोटारी, उतारावरची वाळू, माणसांचा संशय, या साऱ्यांना त्याचे अंग उघडे असते. तेव्हा दूरच्या सायकलप्रवासाचे आनंद आणि धोके अशी दोन खाती मांडणे मला मुळातच चुकीचे वाटते. खाते एकच आहे. जे पुस्तक या एका मुळाचा प्रत्यय देते ते वाङ्मय. जे दोन खाती निरनिराळी ठेवून धोक्याच्या रकमेवर व्याज मिळवू पाहते, ती जाहिरात.

या कसोटीवर पहिला ग्रंथ घासायचा तो टॉमस स्टीव्हन्सचा. जन्माने इंग्रज असलेला हा तरुण एप्रिल 1884 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि डिसेंबर 1886 मध्ये योकोहामाला पोचला. सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून त्याची नोंद आहे. त्याचे वाहन म्हणजे ती जुनी उंच सायकल: पुढचे चाक पन्नास इंचांचे, मागचे चिमुकले, आणि स्वार जवळजवळ पुढच्या आसाच्या डोक्यावर बसलेला. वाटेत मुठीएवढा दगड आला तरी स्वार हँडलवरून डोक्यावर आपटावयाचा. सामान काय, तर मोजे, एक जादा सदरा, तंबूचेही काम देणारा रेनकोट आणि एक रिव्हॉल्व्हर. त्याचे दोन खंड 1887 आणि 1888 साली प्रसिद्ध झाले.

स्टीव्हन्सच्या निरीक्षणशक्तीविषयी वाद नाही. रस्त्याचा पोत सांगावा तर त्यानेच. पंजाबातून कलकत्त्याकडे जाणाऱ्या थोरल्या सडकेवर तो येतो तेव्हा त्या सपाट, सावलीच्या रस्त्याचे सुख वाचणाऱ्याच्या पायांपर्यंत पोचते. परंतु माणसे आली की त्याची दृष्टी अधू होते. वाटेवरचा गर्दी करणारा जनसमूह त्याला कधी करमणुकीचा विषय वाटतो, कधी उपद्रवाचा. संकट येते, पिस्तूल दिसते, जमाव मागे सरतो आणि लेखक विनोद करून पुढे जातो. अशी आवर्तने इतकी होतात की धोका हा अनुभव न राहता लकब होऊन बसतो. भीती वाटली होती काय, या साध्या प्रश्नाचे उत्तर शेकडो पृष्ठांत क्वचितच हाती लागते.

कोणी म्हणेल, ही त्या काळाची रीत होती. तिच्यावर एवढा रोष कशाला? माझे उत्तर असे की, वाङ्मयातील खोटेपणा वाङ्मयातच राहत नाही. स्टीव्हन्सने ज्या ‘आउटिंग’ मासिकासाठी लेखन केले, त्याच मासिकाने पुढे फ्रँक लेन्झ या तरुणाला पाठविले. 1892 साली तो पिट्सबर्गहून हवेच्या टायरची नवी सायकल आणि कॅमेरा घेऊन एकटाच निघाला. अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश, हिंदुस्थान, इराण असा प्रवास करीत तो पूर्व तुर्कस्तानात शिरला आणि मे 1894 मध्ये एर्झुरूमच्या वाटेवर नाहीसा झाला. त्याच्या शोधार्थ 1895 साली मासिकाने विल्यम साख्टलेबेन या दुसऱ्या सायकलप्रवाशाला धाडले. त्याने काढलेला निष्कर्ष असा, की एका कुर्द प्रमुखाच्या माणसांनी लेन्झला ठार मारले. देह कधीच सापडला नाही.

मला अस्वस्थ करते ती मात्र दुसरीच गोष्ट. लेन्झची लेखमाला त्याच्या प्रवासाच्या फार मागून छापली जात होती; त्यामुळे तो नाहीसा झाल्यावरही तिचे हप्ते येतच राहिले. प्रवासवर्णनाच्या वाचकाला एक अलिखित हमी असते: पुस्तक हातात आहे त्या अर्थी लेखक जिवंत परतला. या हमीच्या आसऱ्यानेच आपण लांडग्यांची आणि लुटारूंची वर्णने चवीने वाचतो. लेन्झच्या प्रकरणी ही हमी मोडली. चीनमधल्या दगडफेकीतून आपण कसे निसटलो हे आत्मविश्वासाने सांगणारा निवेदक छापील पानावर पुढे जात होता, आणि ते सांगणारा माणूस उरला नव्हता. पराक्रमाची जी भाषा त्याला वारशाने मिळाली होती तिच्यात ‘येथे थांबावे’ या वाक्याला जागाच नव्हती. त्याच्या मृत्यूला ती भाषा कारण झाली असे मी म्हणणार नाही. पण तिने त्याला सावध केले नाही, एवढे निश्चित.

आपल्या मुंबईचे उदाहरण याहून वेगळे आहे आणि त्याकडे वेगळ्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर निघाले. तिघांनी वाटेत प्रवास सोडला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा करून मार्च 1928 मध्ये परतले. त्यांचे इंग्रजी पुस्तक 1931 साली जवाहरलाल नेहरूंच्या प्रस्तावनेसह निघाले. या पुस्तकातले निवेदन ‘आम्ही’चे आहे. तहान कोणाला अधिक लागली, घरची आठवण कोणाला आली, कोण कोणावर चिडला, हे त्या ‘आम्ही’त विरघळून जाते. कलादृष्ट्या ही उणीव आहे. पण परतंत्र देशाच्या तीन तरुणांना जगापुढे आणि स्वतःपुढेही काही सिद्ध करावयाचे होते. अशा वेळी भय झाकणे ही बढाई नसून एक प्रकारची जबाबदारी असते. स्टीव्हन्सचे मौन तोऱ्याचे आहे, यांचे मौन संकोचाचे. समीक्षकाने दोन्ही मौनांना एकच नाव देऊ नये.

मग हे मौन सोडले कोणी? माझ्या वाचनात त्याचे श्रेय डर्व्हला मर्फी या आयरिश लेखिकेकडे जाते. 1931 साली लिस्मोर येथे जन्मलेल्या या मुलीला दहाव्या वाढदिवसाला एक सायकल आणि एक नकाशांचे पुस्तक मिळाले. गावाजवळचा चढ चढत असताना आपल्याच पायांकडे पाहून तिने ठरविले की, असेच पायडल मारीत राहिले तर हिंदुस्थानपर्यंत जाता येईल. तो बेत सिद्धीस जायला 1963 साल उजाडावे लागले. मधली वर्षे आजारी आईच्या शुश्रूषेत गेली. आईवडील दोघेही गेल्यावर, त्या वर्षीच्या भीषण हिवाळ्यात, ती डंकर्कहून निघाली आणि उन्हाळ्यात दिल्लीस पोचली. ‘फुल टिल्ट’ हे तिचे पुस्तक 1965 साली प्रसिद्ध झाले.

मर्फीबाईंजवळही पिस्तूल होते. बाल्कन मुलखातल्या बर्फात त्यांनी ते लांडग्यांवर चालविले. परंतु पुढचा प्रसंग पाहा. साऱ्या प्रवासातली एक गंभीर इजा, बरगड्या मोडण्याची, सायकलीवर झालीच नाही. ती झाली अफगाणिस्तानात, बसमध्ये, उतारूंच्या भांडणात बंदुकीचा दस्ता चुकून लागल्यामुळे! दुसऱ्या एखाद्या लेखकाने यातून आख्खे प्रकरण उभे केले असते. बाई दुखणे सांगतात, चिडचिड सांगतात, आणि त्या देशावरचे आपले प्रेम यत्किंचितही कमी झाले नाही हेही सांगतात. रोजनिशीच्या रूपामुळे हे शक्य झाले आहे: सकाळचे भय आणि संध्याकाळचा चहा एकाच पानावर येतात, आणि उद्या काय होणार हे लिहिणारीलाही ठाऊक नसते. निघण्यापूर्वी त्यांनी सायकलीचे गिअर काढून टाकले होते, कारण पुढच्या रस्त्यांवर ते टिकणारे नव्हते. मला हे त्यांच्या शैलीचेही वर्णन वाटते. मोडण्याजोगे काही बरोबर घ्यावयाचे नाही.

2022 साली मर्फीबाई निवर्तल्या. दरम्यान सायकलप्रवासाचे रूप पालटले आहे. 1891 साली शर्यत म्हणून सुरू झालेली पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही सफर आता दर चार वर्षांनी हौशी स्वारांसाठी होते. सुमारे 1200 किलोमीटर, जास्तीत जास्त 90 तास. तिच्या पात्रतेसाठी 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या सफरी पुऱ्या कराव्या लागतात, आणि पुण्या-मुंबईची मंडळीही त्या हौसेने करतात. येथे लांडगे नाहीत, लुटारू नाहीत. येथला शत्रू झोप आहे. दुसऱ्या रात्री तीन वाजता उतारावर पापणी मिटते, हँडलवर दिवसभर भार देऊन करंगळी बधिर होते आणि सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. आणि तरीही पुढच्या नाक्यावर कार्डावर शिक्का मारून घेण्याची ओढ सुटत नाही. धोका बाहेरून आत आला आहे. या सफरीत क्रमांक देत नाहीत हे मला फार मोलाचे वाटते. परंतु त्यांचे वृत्तान्त वाचावेत तर तासांची आणि किलोमीटरांची मोजदाद पानोपानी. क्रमांक दारातून घालविला आणि आकडा खिडकीतून आत आला, असेच म्हणावे लागेल.

या वृत्तान्तलेखकांकडून माझी अपेक्षा एवढीच आहे: जेथे डोळा लागला तेथे डोळा लागला असे लिहावे. कोणी वाटेत सफर सोडली असेल तर त्या निर्णयाला सफर पुरी केल्याइतकीच जागा द्यावी. असे लेखन वाचून उद्या कोणी तरुण सायकल काढील. त्याला चढावरच्या पहाटेचा मोह पडलाच पाहिजे. पण रस्त्याकडेच्या पारावर अर्धा तास आडवे होण्यात कमीपणा नाही, हेही त्याला त्याच पानावर कळले पाहिजे. लेन्झला ते कोणी लिहून ठेवले नव्हते.