बोली, वर्तन आणि व्यक्तिरेखा

‘हा माणूस असं वागणारच नाही’ हा चाहत्याचा अभिप्राय समीक्षेने बहुधा भाबडा ठरवला आहे. पात्र ही संहितेतील रचना. तिला स्वभाव कोठला, असा त्यामागील युक्तिवाद. परंतु ॲरिस्टॉटलने स्वभावचित्रणाकडून अपेक्षिलेली सुसंगती या अभिप्रायाहून फार निराळी नाही.

सातारा-सांगलीकडील प्रेक्षकाच्या बाबतीत हा मुद्दा विशेष स्पष्ट होतो. ‘लागिरं झालं जी’ने (२०१७) साताऱ्याची बोली घरोघर नेली, ‘देवमाणूस’मधील (२०२०) सरू आजी म्हणींमुळे गाजली. कानाला खरेपण पटते. मात्र बोली म्हणजे स्वभाव नव्हे. सरू आजीची म्हण प्रसंगातून उगवण्याऐवजी पुष्कळदा प्रसंगच म्हणीसाठी खोळंबतो. दैनंदिन मालिकेचे कथानक लांबते, त्यासाठी पात्रांचे वर्तन वाकवले जाते. बोली तेवढी अबाधित राहते. चाहता चिडतो तो नेमका येथे, आणि त्याचे चिडणे ही समीक्षाच असते.

याच टापूतील माणदेशाची ‘बनगरवाडी’ (१९५५) पाहावी. अमोल पालेकरांच्या १९९५च्या चित्रपटाची पटकथाही व्यंकटेश माडगूळकरांचीच. कादंबरीतील कारभारी अंजीच्या चोळीवरून मास्तरांशी अबोला धरतो. कालपर्यंत पाठीशी असलेला म्हातारा असा फिरतो, तरी तो बदलला असे वाटत नाही. गावाची अब्रू स्वतःची मानणारा माणूस असाच रुसेल. (त्याच्या तोंडी म्हणींची खैरात नाही, हेही ध्यानात घ्यावे.) पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी उठते, कोणाचाही स्वभाव त्या शेवटाच्या सोयीसाठी पालटलेला नसतो.