पुत्राच्या लेखणीतला विजेता

अफोन्सो द आल्बुकर्कच्या पुत्राने पित्याच्या पत्रांवरून रचलेला ‘कॉमेंतारिओस’ १५५७ साली लिस्बनमध्ये छापला गेला. धर्मयुद्धाची भाषा बोलणारा हा सरदार त्यात न्यायी, दूरदर्शी राज्यकर्ता ठरतो. मूळ पत्रे अधिक स्पष्ट बोलतात. आदिलशाहीकडून गोवा जिंकल्यावर २२ डिसेंबर १५१० रोजी तो राजा मानुएलला कळवतो, की एकाही मुसलमानाला जीवदान दिले नाही. मृत सुमारे ६००० असावेत. गोऱ्या, रूपवान मुसलमान स्त्रियांची लग्ने आपल्या माणसांशी लावल्याचेही त्याच पत्रात आहे. या विवाहांना उदार धोरण म्हणणाऱ्यांनी दोन्ही मजकूर एकत्र वाचलेले दिसत नाहीत. वर्गात या चरित्राशेजारी ते पत्र ठेवावे. मलबारच्या झैनुद्दीन मखदूम यांचा अरबी ‘तुहफतुल मुजाहिदीन’ही मिळाला तर उत्तमच.