उंचवट्यावरचा र

भंडाऱ्यातल्या दुकानात आयफोन आणि पिक्सेल शेजारी ठेवले की गिऱ्हाइकं कॅमेऱ्याबद्दल विचारतात. मी दोन्हींवर ‘भंडाऱ्यात’ हा शब्द लिहून पाहतो. जुना लॅपटॉप देऊन टाकायचा, तर मराठी लिहायला त्याच्या बदल्यात काय मिळतंय हे कळायला हवं.

दिसण्यात आयफोन सरस. त्यातल्या कोहिनूर देवनागरीच्या गाठी मोकळ्या, वळणं निवांत. पिक्सेलवरचा नोटो सान्स त्यापुढे सरकारी वाटतो. लिहिण्यात मात्र पिक्सेलच्या जीबोर्डची एक खुबी दाद घेऊन जाते. ‘क’ दाबा, स्वरांची ओळ तिथल्या तिथे का, कि, की होते. बाराखडी आपणहून समोर येते! रोमनमधून लिहायला गेलं की मजा संपते. डी-एच-ए-एन म्हणजे धन की धान, हे यंत्राने अंदाजाने ठरवायचं. (आमच्या जिल्ह्यात दोन्ही एकच, म्हणा.)

लॅपटॉपवर अंदाज नाही, कारण तिथे इन्स्क्रिप्ट आहे. कळांची ही मांडणी भारतीय लिप्यांच्या 1991 च्या इस्की मानकातही आहे, आणि तेलुगू, बंगालीसुद्धा याच कळांवर बसतात. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच. महाप्राण हवा तर शिफ्ट. म्हणजे शाळेत घोकलेली वर्णमालाच बोटांना वाटून दिलेली. आता ‘भंडारा’ लिहा. भ उजवा, अनुस्वार डावा, ड उजवा, काना डावा, र उजवा, काना डावा. तबल्यावर ठेका धरावा तसे हात आळीपाळीने पडतात. ‘साकोली’ही असंच. ‘पवनी’त मात्र ठेका मोडतो; व, न आणि दीर्घ वेलांटी, तिन्ही डाव्याच हाताला.

पण खरी नजाकत एफ आणि जे या कळांवरच्या बारीक उंचवट्यांत. न बघता तर्जन्या तिथे टेकतात; डावीखाली ऱ्हस्व वेलांटी, उजवीखाली र. आणि ‘भंडाऱ्यात’मधला तो ऱ त्याच र वर, शिफ्टसह. मग हलन्त, मग य. मराठीचं हे खास अक्षर कुठे कोपऱ्यात टाकलेलं नाही, सगळ्यात हक्काच्या बोटाखाली आहे. काचेवर बोटाला असा ठाव लागत नाही.

रेमिंग्टनवर घडलेल्या जुन्या टंकलेखकांना इन्स्क्रिप्ट रुचत नाही. त्यांची ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर मागून. इथे उच्चाराचा क्रम: आधी क, मग वेलांटी, ती उडी मारून डावीकडे जाते ते फाँटच्या करामतीने. लॅपटॉपवर हे काम अक्षररचनाकार र. कृ. जोशींच्या दिग्दर्शनाखाली घडलेला मंगल करतो. तो देखणा आहे असं मी म्हणणार नाही. पण लहान आकारात, जुनाट पडद्यावरही त्यातले घ आणि ध वेगळे ओळखू येतात, आणि बातमी वाचणाऱ्याला एवढंच हवं असतं.

फोन पिक्सेल घेतला, मात्रांच्या त्या ओळीसाठी. लॅपटॉप साकोलीच्या भाचीकडे चाललाय. कळांवर देवनागरीचे स्टिकर आणू का, असं तिने विचारलं. म्हटलं, अजिबात नको; दिसले की बघत बसशील.